खाली-वर केलं की लग्न ठरायचं

हसनाबादच्या मावशी दारातच बसल्या. आत यायनात. अंगावर नवी साडी, हातात पेढ्याचा पुडा, आन तोंड फुगवलेलं.

"मावशी, आत या ना. पाणी आणते."

"पाणी नको. पोरीचं लग्न ठरवलं आन सख्ख्या मावशीला कळवलं न्हाई. आता पाणी पाजती!"

"कोणाचं ठरलं?"

"रेणूचं! आन आमाला सांगतंय कोण, तर मोबाईल!"

रेणू म्हंजी मपली नणंद. मावशी म्हंजी मपल्या सासूची धाकली बहीण. आन रेणूचं ठरलं-बिरलं काहीच न्हवतं. उलट येत्या रविवारी टेंभुर्णीचे पाव्हणे तिला पाह्यला येणार होते. रेणू आत भांडे घासून राह्यली होती. ती तशीच राखेच्या हातानं बाहेर आली.

"माझं ठरलं? कोणासंगं?"

मावशीनं फोन काढला. आमच्या ऑफिसचं ॲप उघडलं. बोटानं सर्र सर्र खाली गेल्या आन फोन मपल्या तोंडापुढं धरला. रेणूचा फोटो. खाली नाव, शिक्षण, गाव, सगळं बराबर. आन फोटोवर तिरपी लाल पट्टी. 'ठरलं.'

मी फोटो दोनदा पाह्यला. काहून की ती पट्टी लावायचं काम मपलंच.

मी काय काम करते ते आधी सांगते, न्हाईतर समजायचं न्हाई. भोकरदनमधी एक वधू-वर केंद्र हाय, तिथं मी जाते. शाळा मपली दहावीतच सुटली. मंग लग्न झालं, मंग आरू झाली. ती आता दीड वर्षाची हाय, कडेवरच असती. काम्प्युटरचं मला काही येत न्हाई, मोबाईल येतो. लोकं बायोडाटा आणून देतात. मी फोटो काढते आन माहिती ॲपमधी भरते. ॲपमधी पोरं-पोरी एकाखाली एक दिसतात, बोटानं वर सरकवलं की खालचे येतात. ज्याचं लग्न जमलं त्याच्यापुढचं बटन दाबायचं, की फोटोवर पट्टी येती. म्हंजी मंग दुसऱ्यायनं फोन करू नये. पट्टीची आयडिया काकांची. काका म्हंजी केंद्राचे मालक. ते म्हणले, "पट्ट्या दिसल्या की पब्लिकला वाटतं, इथं लग्नं जमून राह्यले." ती पट्टी येऊन आठवडा बी झाला न्हवता.

मी रेणूचं बटन दाबलं न्हवतं. पण 'ठरलं' समोर दिसत होतं ना! मला वाटलं झोपेत दाबलं का काय.

तेवढ्यात आत्याबाई शेतातून आल्या. मी सासूला आत्याबाई म्हणते. त्यायनी पट्टी पाह्यली, मंग रेणूकडं पाह्यलं.

"का गं, तूच तर कुठं ठरवून न्हाई ना आली?"

"आई, मी दिवसभर तुझ्यासमोर भांडे घासते. कुठं ठरवू, राखेत?"

मी मपला फोन काढला. मपल्यात रेणू मोकळीच. पट्टी न्हाई. मी म्हणलं, "मावशी, बघा, मपल्यात न्हाई." मावशीनं त्यायच्यात परत खाली नेलं, वर आणलं. आता त्यायच्यात बी रेणू मोकळी! आन पट्टी बसली भलत्याच एका पोरावर.

मावशी म्हणल्या, "अगं बाई! लगेच मोडलं बी?"

हसावं का रडावं! पण हसणं तिथंच संपलं, काहून की टेंभुर्णीहून फोन आला. पोराचे वडील. आत्याबाईनं फोन कानाला लावला आन आवाज साऱ्या घरात ऐकू आला.

"राम राम. तुमच्या पोरीचं ठरलंय तर आमाला रविवारी काहून बोलावून राह्यले?"

"न्हाई हो पाव्हणं, ठरलं न्हाई..."

"आमच्या घरातल्या तिघायनं पाह्यलं. आमी काय खुळे हाओत?" आन फोन कट.

आत्याबाई मपल्याकडं वळल्या. मला त्यायनी कामावर जाऊ दिलं तेच मुळी एका बोलीवर. "रेणूचं जमेस्तोवर जा. तिथं बसून चांगलं स्थळ तरी हेरता येईल." आन आता हेरलेलं स्थळच गेलं, ते बी मपल्या ऑफिसच्या पट्टीनं.

"रविवारपस्तोर हे निस्तर," त्या म्हणल्या. "न्हाईतर सोमवारपून शेतात यायचं मपल्यासंगं." बस, एवढंच. मला तर रातभर... जाऊ द्या. रेणू तेवढी म्हणली, "वहिनी, तो पोरगा फोटोत बरा दिसतो हो." म्हंजी तिचं बी मन होतं.

दुसऱ्या दिवशी आरूला कडेवर टाकून ऑफिसात गेले. धापा टाकत काकांना सगळं सांगितलं.

"तूच दाबलं असशील," काका म्हणले. "न्हाईतर ह्या लेकरानं दाबलं असंल."

"न्हाई हो काका. दाबलं असतं तर सगळ्यायच्या फोनमधी दिसलं असतं. हे एकाच्यात दिसतंय, एकाच्यात न्हाई. खाली-वर केलं की जागा बदलून राह्यलंय."

काकांनी गणेशभाऊला फोन लावला, स्पीकर चालू केला, मी सगळं सांगितलं. ॲप त्यायनंच बनवलंय. पोरगा केदारखेड्याचा, आता जालन्यात राहून असे ॲप बनवतो.

"वहिनी, माझ्या फोनवर तर बराबर दिसतंय," गणेशभाऊ म्हणले.

मला नंतर समजलं, ॲप बनवणारे सगळे आधी हेच म्हणतात. पण काका खूश. "बघ! त्याच्यात बराबर हाय. म्हंजी पब्लिकची चूक."

"काका, रविवारी पाव्हणे..."

"पुढल्या महिन्यात अपडेट हाय ना? तवा बघू." अपडेट म्हंजी ॲपची नवी दुरुस्ती. पुढल्या महिन्यात! तवर मी कापूस वेचून राह्यले असते.

मोठ्या माणसाला उलटून बोलता मला येतच न्हाई. आरूला खाली बसवलं आन एक बायोडाटा भरायला घेतला. अक्षरं दिसंनात.

काकांचं घर ऑफिसच्या वरच हाय. जिन्यावरून काकूंचा आवाज आला.

"अहो! जरा वर या. न्हाई, तुमी बसा, मीच येते!"

काकू खाली आल्या. एका हातात लाटणं, एका हातात फोन. मला वाटलं लाटणं चुकून आलं असंल. न्हाई.

"कोण हाय ती?"

"कोण?" काका म्हणले.

"जिच्यासंगं तुमचं ठरलं ती!"

फोन टेबलावर आपटला. झालं असं होतं की काकांनी हौसेनं ॲपमधी सगळ्यायच्या वर आपलाच फोटो लावून घेतला होता. फेटा बांधलेला. खाली नाव, गाव, शिक्षण बी.ए., आन 'संचालक'. तो फोटो बी बाकीच्या पोरांसारखाच त्याच रांगेत. काकू कंटाळा आला की पोरी बघत बसायच्या. खाली गेल्या, परत वर आल्या, आन वर बघतात तर काय. फेट्यातले काका, आन फेट्यावरून तिरपी लाल पट्टी. 'ठरलं.'

"अगं तो संचालकाचा फोटो हाय!"

"दिसतंय ना! संचालकाचं ठरलं म्हणे. नातू शाळेत जातो आन ह्यायला बाशिंग बांधायचंय!"

"अगं मशीनची चूक हाय..."

"आमच्या शेजारणीनं बी पाह्यलं. ती म्हणली, काकू, काळजी घ्या."

काकांच्या तोंडावर घाम. मपल्याकडं वळले. "वैशाली, सांग ना हिला!"

आन मपल्या तोंडातून, देवाशप्पथ, मी ठरवून न्हाई म्हणलं, घाबरले की मी शेवटचं ऐकलेलंच बोलते. मी म्हणलं, "पब्लिकची चूक असंल, काका."

आरू एकटीच हसली, खदखदा.

मंग काकांनी गणेशभाऊला परत फोन लावला. "पुढला महिना कशाचा? आत्ता निघ! जल्दी! लाटणं बघायला ये मपल्या ऑफिसातलं!"

गणेशभाऊ दुपारी मोटारसायकलवर आले. मी त्यायला ऑफिसच्या फोनवर दाखवलं. हळू सरकवलं, जोरात सरकवलं, खाली, वर. पट्टी एकीवरून दुसरीवर. ते बघतच राह्यले. मंग आपला फोन काढला. त्यायच्यात टेस्टिंगला म्हणून फक्त सहा पोरं भरलेले. टेस्टिंग म्हंजी ॲप लोकायला द्यायच्या आधी वापरून बघणं. फोन हा एवढा मोठा, सहाच्या सहा एकाच टायमाला मावलेले.

"मला सरकवायचं कामच पडलं न्हाई," ते म्हणले. कान लाल झाले होते. "म्हणून दिसलं न्हाई."

काका म्हणले, "पण असं होतं काहून? भूत हाय का ह्याच्यात?"

गणेशभाऊ इंग्रजीत काहीतरी बोलले. काकांनी मान हलवली, म्हंजी समजलं न्हाई. काकू तिथंच बसून होत्या, लाटणं मांडीवर. गणेशभाऊनं लाटण्याकडं पाह्यलं आन परत सुरू केलं.

"काकू, लग्नात पंगत बसती. माणसं पाचशे, पण ताटं काय पाचशे नसतात. पहिली पंगत उठली की तेच ताटं घ्यायचे, पुसायचे, दुसऱ्या पंगतीला मांडायचे. मोबाईल बी तसाच करतो. पोरी हजार असल्या तरी ताटं दहा-बाराच. वरची पोरगी स्क्रीनच्या बाहेर गेली, की तिचंच ताट खाली येऊन दुसरीला वाढलं जातं. फोटो नवा वाढला. नाव नवं वाढलं. पण पट्टी मी फक्त वाढायची सांगितली. जिचं ठरलं न्हाई तिची पट्टी काढायची, हे सांगितलंच न्हाई. मंग आधीच्या माणसाची जिलेबी ताटात तशीच राह्यली."

"म्हंजी खरकटं ताट," काकू म्हणल्या.

"खरकटं ताट," गणेशभाऊ म्हणले. "मी केदारखेड्यात किती पंगती वाढल्या, पण हे डोक्यात आलं न्हाई."

"म्हंजी ह्यायच्या ताटात दुसऱ्याची जिलेबी होती."

"होय काकू."

"ह्यायनी मागितली न्हवती?"

"न्हाई काकू. बिलकुल न्हाई."

काकूंनी लाटणं टेबलावर ठेवलं. काकांनी पाणी मागितलं.

दुरुस्ती करायला चहा संपेपर्यंतचा बी टाईम लागला न्हाई. मंग मी बसले सरकवत. हळू, जोरात, मधीच थांबून, शेवटाला जाऊन परत वर. अंगठा दुखला. आरूनं बी दोन हातानं चापट्या मारून टेस्टिंग केली. पट्ट्या जिथल्या तिथंच. शेवटी फोन काकूंना दिला. त्यायनी तीनदा खाली-वर केलं, फेट्याकडं निरखून पाह्यलं आन म्हणल्या, "सुटलात."

आता टेंभुर्णी राह्यली. मी काकांच्या पुढं हात जोडले. काकांनी स्वतः फोन लावला, लई आदरानं बोलले, मशीनची चूक, पोरगी मोकळी हाय, आमची वैशाली तिची सख्खी भावजय. तिकडं पोराच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मंग ते म्हणले, "काका, एक इचारू? तुमचं बी ठरलं होतं म्हणे?"

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण तिकडून असा हसण्याचा आवाज आला, एकाचा न्हाई, घरातल्या सगळ्यायचा, की मला तिथंच समजलं, हे रविवारी येणार.

आले. पोहे झाले, चहा झाला. पोराच्या आईनं रेणूला काहीच इचारलं न्हाई, फक्त पट्टीचं इचारून इचारून हसल्या. पोरगा फोटोपेक्षा काळा निघाला, पण रेणू म्हणली चालंल. जमलं.

सोमवारी मी ऑफिसात जाऊन रेणूचं बटन दाबलं. पट्टी आली. मी ऑफिसच्या फोनमधी पाह्यलं, मपल्या फोनमधी पाह्यलं, वर जाऊन काकूंच्या फोनमधी बी पाह्यलं. तवापून गणेशभाऊ कोणतंबी नवं ॲप काढलं की आधी मला पाठवतात, "वहिनी, जरा खाली-वर करून बघा." आत्याबाई आता शेताचं नाव काढत न्हाईत. आन मी त्यातून एवढंच शिकले, की बिघाड मालकाला दाखवू नये, मालकिणीला दिसू द्यावा.

त्याच सोमवारी संध्याकाळी हसनाबादला फोन लावला. "मावशी, रेणूचं ठरलं! सुपारी फोडायला या."



"मागच्या टायमाला नवी साडी नेसून आले होते मी," मावशी म्हणल्या. "पेढे बी वाया गेले. तू आधी दहा बारी खाली-वर करून बघ. तरी ठरलेलंच राह्यलं, तर मंग येते."