मावशींचा चिंचोका

आपलं प्यादं हसत हसत मरायला पाठवावं ते आमच्या मावशींनी. अख्ख्या भोर संस्थानात तशी छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा झालेल्या, तेव्हापासून आमच्याकडेच असायच्या. बुद्धिबळात काळ्या सोंगट्या मिळाल्याशिवाय त्या खेळतच नसत. पांढऱ्याची खेळी पहिली, आणि पहिला मान पाहुण्याचा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच खेळीला त्या आपलं एक प्यादं समोरच्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायच्या आणि वर म्हणायच्या, "आल्याआल्या गूळपाणी द्यायला नको?" समोरचा ते खाण्यात गुंतला की मागून त्यांचे उंट आणि वजीर मोकळे सुटायचे. पोळ्या लाटतानाही त्या खेळायच्या. पट सगळा डोक्यात. पुरुषांपुढे येत नसत म्हणून माजघरातून खेळी सांगायच्या, आणि ओसरीच्या दाराशी बसून सोंगट्या हलवायचं काम माझं. मी इतकी बुजरी, की नजर पटावरून वर जायची नाही. त्या म्हणायच्या, "तशीच बरी. पटावरच बघायचं असतं."

बायकांच्या या खेळाची आळीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा मामंजींनी सांगून टाकलं, की कामथडीच्या पाटलांशी एक डाव खेळा, हरलात तर पट माळ्यावर जाईल. पाटलांना तोवर कुणी हरवलेलं नव्हतं. ते आले, मांडी घालून बसले, पहिली खेळी केली. मी मावशींचं गूळपाणी पुढे सारलं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते खाल्लंच नाही. "आमी फुकटचं खात न्हाई, सूनबाई," म्हणाले, आणि घोडा बाहेर काढला.

मी घाबरून आत गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पहिल्यांदा कुणीही नकोच म्हणतं. आग्रह करावा लागतो. आता काय वाढायचं ते तू ठरव."

मी म्हटलं, पट जाईल तुमचा.

"माझाच जाईल ना? जा."

बाहेर येऊन मी आपल्या घोड्यापुढचं प्यादं पाटलांच्या घोड्याच्या तोंडाशी ठेवलं. दोनदा नको म्हणणं पाटलांच्याही जिवावर आलं असावं. खाल्लं. पुढचं सगळं मावशींनी आतून सांगितलं, आणि ओसरीवरची उन्हं उतरायच्या आत पाटलांच्या राजावर मात झाली.

पाटलांनी पागोटं सारखं केलं. "वाढणारीचा हात लई चांगला हाय," म्हणाले, आणि माझं ते प्यादं कनवटीला लावून उठले. मामंजींनी मागितलं, तर म्हणतात, "खाल्लेलं कुनी परत देतं व्हय?" पट घरात राहिला आणि प्यादं कामथडीला गेलं.

त्या प्याद्याच्या जागी मावशींनी एक चिंचोका ठेवला. बाकीची प्यादी त्या पूर्वीसारखीच वाटत सुटायच्या, चिंचोका मात्र कधी कुणाला दिला नाही. एकदा तर त्यापायी हातातला डाव हरल्या. मी विचारलं, तेव्हा "ते तुझं आहे" एवढंच म्हणाल्या.

मावशी गेल्या, पट माझ्याकडे आला. चिंचोका हाताळून गुळगुळीत झालाय. डाव मांडताना मी आधी त्याला त्याच्या घरात ठेवते. राजा मागाहून.