मशीनने पहिल्याच रिंगला फोन उचलला

आमच्या संघटनेतल्या एकीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मी दोनदा थाप मारली. तिच्या पोरीला हाक मारली. मग दाराच्या फटीला कान लावला तेव्हा पोरीचं नाक ओढणं ऐकू आलं. पोर रडत नव्हती. तेच वाईट होतं.

घरमालकीण जिन्यात उभी होती. मी म्हणाले, "वरवंटा आण."

"अहो आजी, पोलिसांना विचारून तोडा. उद्या तिचा नवरा मलाच धरील."

"तू विचार पोलिसांना. तवर मी तोडते."

तिने वरवंटा आणून दिला. माझं वय सत्तरीच्या पुढं. चार घावांत कुलूप निघालं नाही, कडीच निघाली. पोरीची आई आतून दाराला डोकं लावून पडली होती, म्हणून दार उघडेना. पोरीला म्हटलं, आईला ओढ. सहा वर्षांच्या पोरीने ओढलं. आईचा डावा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. डोक्यातलं रक्त वाळून काळं पडलं होतं. म्हणजे पडून तीन तास तरी झाले होते. ते तीन तास मी दहा मिनिटांच्या अंतरावर, मोशीतच, घरी मेथी निवडत बसले होते.

हे का झालं ते सांगते. त्यात माझी चूक आहे.

आमची बायकांची संघटना आहे. कोणी कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटतं, कोणी पॅकिंगला जातं, कोणी प्राधिकरणातल्या बंगल्यांत धुणीभांडी करतं. बहुतेक मराठवाड्यातून आलेल्या. मी मात्र इथल्याच जुन्या घरातली, चौथी शिकलेली. निगडीला पिठाच्या गिरणीवर आमची खोली आहे, ती ऑफिस. तिथं रिटायर झालेल्या एक शिक्षिका बसतात, त्यांना सगळ्या बाई म्हणतात. संघटनेचा फोन मात्र बारा वर्षं माझ्या कनवटीला होता.

त्या फोनची रीत अशी. घरात मार बसायची वेळ आली की बाईने मिस्ड कॉल द्यायचा. बोलायचं नाही. नवरा समोर असताना बोलणार काय? मी उचलायचं नाही. नंबर बघायचा, वाटी घ्यायची आणि त्या घरी विरजण मागायला जायचं. लांबचं घर असेल तर तिथल्या जवळच्या बाईला पाठवायचं. एक गेली की दहा मिनिटांनी दुसरी. तिला साखर हवी असायची. दारात माणसं यायला लागली की पुरुषाचा हात खाली येतो. माया वाटते म्हणून नाही, लाज वाटते म्हणून. एवढंच आमचं शास्त्र.

मग एका कंपनीच्या ट्रस्टचे साहेब आले. माणूस चांगला, चहा पिऊन कप स्वतः विसळणारा. म्हणाले, संघटनेचे फोन आता मशीन घेईल. मराठीत बोलेल, रेशनकार्डाचं सांगेल, अर्ज लिहून देईल, बोलणं लिहून ठेवील. त्यांनी फोन कंपनीकडून कागद काढून आणला होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "आजी, निम्म्याच्या वर फोन उचललेच गेले नाहीत."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना रीत माहीत होती, त्या वाट बघत होत्या की मी सांगेन. मी सांगितलं नाही. मला लाज वाटली. शिकलेल्या माणसासमोर म्हणायचं कसं, की बारा वर्षं आम्ही फोन न उचलायचंच काम केलं? मी म्हणाले, "व्हय, म्हातारपण झालं. राहून जातं."

साहेब म्हणाले, "आता एकही राहणार नाही. पहिल्या रिंगला उचलेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बायकांना आम्ही सांगितलं की आता फोनवर बोलता येईल. मिस्ड कॉल देऊ नका, हे सांगायचं कोणालाच सुचलं नाही.

पहिले पंधरा दिवस मशीनने कामं केली, खोटं का बोलू? विधवेच्या पेन्शनचा जो अर्ज तीनदा परत आला होता तो बिनचूक लिहून दिला. मी मात्र घरात उठबस करत होते. कनवट रिकामी. हात सारखा तिथं जायचा.

कुलूप तोडलं त्या दिवशी तिचा नवरा सेकंड शिफ्टला होता म्हणून सकाळी घरात होता. साडेदहाला तिने नेहमीसारखा नंबर लावला आणि फोन उशीखाली सरकवला. तिच्या फोनचा कानाजवळचा आवाज गेलेला, तो स्पीकरवरच चालायचा. आमच्यात असे फोन निम्म्या जणींकडे असतील. मशीनने पहिल्या रिंगला उचललं. उशीखालून गोड आवाज आला, नमस्कार, मी आपली काय मदत करू?

पुढचं मला बाईंनी कॉम्प्युटरवरून वाचून दाखवलं. तो विचारतोय, कोण आहे ही? कोणाला सांगतेस घरातलं? मशीन म्हणतंय, माफ करा, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का? तो शिव्या देतोय. मशीन म्हणतंय, आपली तक्रार नोंदवू का? मग फोन आपटल्यावर संपलं.

बाईंनी ते दुपारी बघितलं आणि मला फोन केला. तोवर तो बाहेरून कुलूप घालून कंपनीच्या बसने चाकणला गेला होता.

आठवड्याने मीटिंग झाली. लातूरकडची एक बाई उठली, तोंडाने फटकळ. म्हणाली, "ते मशीन इंद्रायणीत टाका, अन् आजीला फोन द्या परत."

दुसरी म्हणाली, "आजी किती दिवस पुरणार गं?"

हसल्या सगळ्या. मीही हसले, पण ते खरंच होतं.

मी उभी राहून आधी माझी चूक सांगितली. साहेब तिथंच होते. ते म्हणाले, "मीही विचारलं नाही, आजी. कागद बघितला आणि ठरवून टाकलं."

मी म्हणाले, "मशीन टाकायचं न्हाई. त्यानं तिच्या नवऱ्याच्या शिव्या वेळेसकट लिहून ठेवल्या. पोलिसांनी पहिल्यांदा त्याच दिवशी तक्रार घेतली. पण त्याला न उचलायला शिकवा."

लातूरकडची म्हणाली, "न उचलायला मशीन कशाला लागतं?"

"नंबर ओळखायला. मी एकटी, ते शंभर घरं ध्यानात ठेवील. आवाज न करता जवळच्या दोघींना कळवू दे. वाटी घेऊन जायला बायका हायेत."

आता दोन नंबर आहेत. एकावर मशीन बोलतं, अर्ज लिहितं. दुसऱ्यावर ते गप्प राहतं आणि कळवतं. नवीन कोणी आली की ऑफिसातल्या बाई तिला समोर बसवून दोन्ही नंबर लावून दाखवायला लावतात. महिनाभर जुना फोन मीही जवळ ठेवला, मशीन आधी कळवतं की मी आधी बघते ते ताडून बघायला. दोनदा मशीन आधी होतं. एकदा त्याने चुकीच्या गल्लीतल्या बाईला पाठवलं. ती पळत योग्य दारात पोचली, पण उशीर झाला असता. साहेबांना सांगितलं, त्यांनी दुरुस्त केलं. तरी मला चैन पडत नाही. विरजणाची वाटी मी अजून दाराशीच ठेवते.

त्या पोरीची आई आता निघोज्यात खोली घेऊन राहते. नवऱ्यावर केस चालू आहे. हात पूर्ण सरळ होत नाही. त्या दिवशी कुलपाआड ती आणि तिची पोर होती. दोघी जिवंत आहेत.