टिकटिकीचा पत्ता

शुक्रवार, सकाळचे सात वाजून अठ्ठावन्न मिनिटं. कऱ्हाटीतल्या घराच्या मागच्या खोलीत रेश्मा खोमणे स्पीकरला कान लावून बसल्या आहेत आणि रिसिव्हरची मोठी चकती केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत आहेत. चकती कुठेही नेली तरी टिकटिक सुटत नाही. साधारण सेकंदाला एक, शॉर्टवेव्हच्या अख्ख्या पट्ट्यावर.

रेश्माताई बारामतीच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहेत आणि परवानाधारक हॅम, म्हणजे स्वतःचं हौशी रेडिओ केंद्र चालवणाऱ्या. राज्यातले काही हॅम रोज आठला एका लहरीवर जमतात. एक जण पुकारतो, बाकीचे हजेरी देतात. पुरात मोबाइल बंद पडले तर निरोप याच वाटेने जायचे, त्याची ही रोजची तालीम. सहा वर्षं पुकारण्याचं काम रेश्माताईंकडे आहे. त्याला अट एकच: सगळ्यांत क्षीण आवाजही ऐकू आला पाहिजे. तो आवाज आजऱ्याच्या ज्ञानेशचा. त्याचा घरी जुळवलेला सेट जेमतेम पाच वॅटचा आहे.

त्या शुक्रवारी ज्ञानेशचं नावसुद्धा पुरतं कळेना. रिसिव्हर जुना, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. प्रत्येक टिकेला तो आपलाच आवाज दाबून घेतो आणि सावरेपर्यंत पुढची टिक येते. नव्या सेटला असले ठोके कापायचं बटण असतं. याला नाही.

"आजरा, पुन्हा सांगा," रेश्माताई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

मध्येच भिगवणचे रणजित बोलले. "मॅडम, तो कवाचा बोलतोय. मला स्वच्छ येतंय. तो म्हातारा बदला आता."

सुयोग, रेश्माताईंचे यजमान, चहा घेऊन दारात उभे होते. "कोण म्हातारा?"

"रिसिव्हर."

"मग ठीक."

रणजित पुढे म्हणाले, "सोमवारपर्यंत बघू. न्हायतर पुकारायचं मी घेतो. राग मानू नका."

राग आला होता, पण रणजितवर नाही. टिकटिक घरातली नव्हती, हे त्यांनी आधीच तपासलं होतं. घराचा मेन स्विच पाडून रिसिव्हर बॅटरीवर लावला, तरी ती तशीच. शनिवारी सुट्टी होती. त्यांनी वडिलांचा ट्रान्झिस्टर घेतला, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा लावला आणि बांधाने चालायला लागल्या. ट्रान्झिस्टर आडवा धरून फिरवला की एका दिशेला आवाज पडतो. आवाज पडला की ट्रान्झिस्टरचं टोक उगमाकडे असतं. असं थांबत, फिरवत त्या शेजारच्या फुलाबाईंच्या मकेपाशी पोचल्या.

मकेभोवती झटका मशीनची, म्हणजे सेकंदाला एकेक विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राची तार आहे, रानडुकरांसाठी. कोपऱ्यावरच्या लोखंडी अँगलच्या खांबाचा, तार लोखंडापासून अलग ठेवणारा प्लॅस्टिकचा इन्सुलेटर फुटला होता. तार अँगलला टेकायला आली होती आणि प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी उडत होती. ट्रान्झिस्टर जवळ नेला तर टिकेचा फटाका झाला.

"आत्या, हे ऐका," रेश्माताईंनी फुलाबाईंना बोलावलं.

फुलाबाईंनी ऐकलं आणि चेहरा फुलला. "म्हंजी चालू हाय की! मशीनचा दिवा मेलाय, मला वाटलं बंदच पडली."

"चालू आहे, पण झटका इथंच वाया जातोय. पुढच्या तारेत जोर राहत नाही."

"व्हय? मग कर बाई नीट."

मशीन बंद करून रेश्माताईंनी नवा इन्सुलेटर बसवला, तार ताणली. रविवारी आठला लहर स्वच्छ होती. ज्ञानेशने आजऱ्यातल्या धुक्याची बातमी सविस्तर सांगितली. ती कोणाला नको होती, तरी रेश्माताईंनी शेवटपर्यंत ऐकली.

सोमवारी टिकटिक परत आली. ज्ञानेश पुन्हा तुकड्यातुकड्यांत आला.

संध्याकाळी कामावरून आल्या आल्या त्या थेट मकेपाशी गेल्या. नवा इन्सुलेटर काढून अँगलच्या पायाशी ठेवला होता. तार पुन्हा लोखंडाजवळ.

"आत्या, हे कोणी काढलं?"

"मी. मशीन बंद करून काढलं, घाबरू नगं." फुलाबाईंनी पडवीतल्या बाजेकडे बोट दाखवलं. उशाशी त्यांचा ट्रान्झिस्टर होता, आकाशवाणी पुण्यासाठी घेतलेला. "तुजंच बघून शिकले. काल राती लावला तर टिकटिक न्हाय. म्हटलं, मशीन गेली. उठून तार व्हती तशी केली, लगीच आली."

"टिकटिक नव्हती म्हणजे मशीन नीट चालली होती!"

"न वाजता? मला कसं कळायचं?"

"मी टेस्टर आणून देते. तारेला लावला की दिवा लागतो."

"आन् तो बाजंवर पडून ऐकू येतो व्हय?"

रेश्माताईंनी अँगलच्या पायाशी ठेवलेला इन्सुलेटर उचलला.

"पुढच्या तारेत जोर राहत नाही, सांगितलं होतं ना?"

"डुक्कर आलं का? न्हाय आलं. मग?"

"निदान आठ ते साडेआठ मशीन बंद ठेवा."

"तवाच तर शेरडं सुटत्यात आळीतली. डुक्कर परवडलं. मका निघू दे, दिवाळीनंतर काढ तुजी टिकटिक." मग जरा नरमून, "चहा घेतीस?"

त्यांनी चहा घेतला नाही. घरी येऊन रणजितना फोन केला. तार, मका, बाज, सगळं सांगितलं.

रणजित हसले नाहीत. "मग आता?"

"आता तुम्ही पुकारा. ज्ञानेश मला ऐकू येत नाही, हे खरं आहे."

"मका निघंपर्यंतच ना?"

"सध्या तुम्ही घ्या."

उद्या सकाळी आठची हजेरी भिगवणहून घेतली जाईल. पुकारण्याच्या क्रमात आजरा पहिला आहे, कऱ्हाटी चौथी.