त्याच्या बरोबरीचा

बरोबरीशेठांनी ‘त्या’ यंत्राचं नाव आयुष्यात कधी तोंडातून काढलं नाही. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याला ‘हे’ म्हणत, तसे बरोबरीशेठ त्या परदेशी, पांढऱ्या, गुळगुळीत म्युझिक प्लेअरला ‘तो’ म्हणत. ‘तो आता रंगीत झालाय म्हने.’ ‘तो वाशीच्या मॉलमधे काचेच्या कपाटात बसलाय, खाली मखमल टाकलीय त्याला.’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा. मोठ्या घरी दिलेल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल बोलावं, तसा एक मानाचा आणि वैतागाचा सूर असायचा. आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, ‘आमचा त्याच्या बरोबरीचा हाय.’ त्यावरूनच आम्ही ऑफिसातल्यांनी त्यांचं नाव बरोबरीशेठ पाडलं. शेठ म्हणावं असं त्यांच्यापाशी काही नव्हतं, एक जुनी स्कूटर सोडली तर.

‘आमचा’ म्हणजे ‘सुरंगी’. तुर्भ्याच्या एका गाळ्यात आम्ही तो प्लेअर बनवायचो. बनवायचो म्हणजे बाहेरून आलेले भाग जोडायचो. मी आलेल्या तक्रारी ऐकून घ्यायचे आणि बरोबरीशेठ दुकानोदुकानी फिरून तो विकायचे. त्या काळी आमच्यासारखे कितीतरी जण ‘त्याच्या’शी टक्कर द्यायला निघाले होते. कोणी जास्त गाणी भरत होतं, कोणी रेडिओ देत होतं, कोणी स्वस्त देत होतं. आमच्या सुरंगीत पेन्सिल सेल चालायचे आणि बाहेर एक छोटा स्पीकर होता, एवढाच आमचा रुबाब. गिऱ्हाईक सुरंगी हातात घेऊन उलटसुलट करायचं आणि विचारायचं, ‘पण हा तो नाहीये ना?’

बरोबरीशेठांची विकायची एक रीत होती. खिशातून स्वच्छ धुतलेला रुमाल काढायचा, इअरफोनची दोन्ही बोंडं पुसायची, एक गिऱ्हाइकाच्या कानात द्यायचं आणि दुसरं स्वतःच्या कानात घालायचं. मग म्हणायचे, ‘आधी डोले मिटा. डोल्यांना तो बरा दिसतो, म्हाईत हाय मना. कानाला आमचा बरा.’ एकाच वायरीला बांधलेली ती दोन माणसं दुकानात डोळे मिटून उभी असायची आणि दुकानदार त्यांच्याकडे बघून हसायचा. गाणं संपलं की गिऱ्हाईक डोळे उघडायचं. तिथेच सगळा घोटाळा व्हायचा.

दुकानदार आमचा माल गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवायचे. बरोबरीशेठ दुकानात आले की स्वतः तो वर काढून ‘त्याच्या’ शेजारी मांडायचे आणि त्यांची पाठ वळली की तो पुन्हा खाली जायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. मी एकदा म्हटलं, ‘अहो, कंटाळा नाही येत तुम्हाला?’ तर म्हणाले, ‘येतो ना म्याडम. पन उद्या वर दिसला तर बरा वाटंल ना.’ त्यांचं थकणंही असं सोशिक होतं, दुपारी गाळ्यात येऊन बसायचे, पाणी प्यायचे, पायांतले बूट काढून बोटं मोकळी करायचे आणि पुन्हा निघायचे.

एकदाच ते चिडलेले मी पाहिले. कॉलेजातली पोरं सुरंगी घेऊन तिला पांढरे इअरफोन लावतात, म्हणजे खिशात ‘तो’ आहे असं लोकांना वाटतं, हे आमच्या मालकांच्या कानावर आलं. त्यांनी लगेच आपल्याही डब्यात पांढरे इअरफोन द्यायचं ठरवलं. बरोबरीशेठ मालकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, दुसऱ्याचा फेटा बांधून आपन वरातीत नाय नाचायचा. काले होते ते कालेच द्या.’ मालकांनी पांढरेच दिले. पुढे कित्येक दिवस बरोबरीशेठ दुकानात ते दाखवताना मान वर करायचे नाहीत.

त्यांचं गाव उलव्याच्या पलीकडचं. वडिलांची भातशेती नव्या शहरात गेली, थोडी मिठागरातली मजुरी होती तीही गेली. गावातली बाकीची माणसं गोदामांत आणि कंटेनरच्या यार्डांत लागली. बरोबरीशेठांना मात्र हे गाण्याचं काम लाभलं होतं आणि ते सोडायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून मालकांनी जेव्हा सांगितलं, की ‘त्याच्या’कडे नाही असं काहीतरी आणा, नाहीतर ह्या दिवाळीनंतर सुरंगी बंद, तेव्हा आम्ही सगळे दुसरी नोकरी शोधायला लागलो आणि बरोबरीशेठ आईकडे गेले.

त्यांची आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढचा एकेक विधी धवले गाऊन पार पाडते ती धवलारीण. भटजी असो नसो, ती लागतेच. ही गाणी कुठे छापलेली नव्हती, कुठल्या कंपनीकडे नव्हती. बरोबरीशेठांच्या डोक्यात आलं, की सुरंगीत आईचे धवले भरले तर ‘तो’ काय करणार? मी बरोबर गेले होते. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘लगीन कोनाचा हाय?’

‘कोनाचाच नाय, आये. मशीनमधे भरायचे हायेत.’

‘मंग काय मशीनचा लगीन हाय? येरा झालास काय रं? मांडव नाय, हलद नाय, न धवला कनाला गाऊ?’

तिला कोणीच वळवू शकलं नाही. ज्या घरात लग्न नाही तिथे धवला तोंडावर आणायचा नाही, हा तिचा नेम होता, आणि तिच्याकडून शिकलेल्या सगळ्या बायकांचाही. शेवटी बरोबरीशेठांच्या पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा काम झालं. हळदीच्या मांडवात मी तिच्यापुढे माईक धरून बसले. बरोबरीशेठ बाजूला यंत्र सांभाळत होते, दोन्ही कानांना इअरफोन, डोळे मिटलेले. म्हातारीचा आवाज फाटका होता, पण ती गायला लागली की मांडवातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. मायलेकांचं मधलं बोलणंही त्या रेकॉर्डिंगमध्ये गेलं. ते काढून टाकायला मालकांना फुरसत नव्हती.

उन्हाळ्यातल्या लग्नसराईच्या तोंडावर धवल्यांची सुरंगी बाजारात आली. आणि काय सांगू, पहिल्यांदाच आमचा माल लोकांनी मागून नेला. उरणच्या बाजूच्या गावागावांतून माणसं स्वतः गाळ्यात आली. बरोबरीशेठ त्या आठवड्यात शेठसारखे दिसत होते. मालकांनी जोरात माल भरून ठेवला. मग मागणी थांबली. पूर्णच थांबली. हे काय झालं म्हणून बरोबरीशेठ आणि मी स्कूटरवरून गावं फिरलो, तेव्हा एका बाईने अगदी सहज उलगडा केला, ‘हाय ना एक गावात. ज्याच्या घरी लगीन असंल तो नेतो न झाला का देतो फुरच्या घरी.’

म्हणजे गावाला एक सुरंगी पुरत होती. लग्न नसताना ती कोणी लावणार नव्हतं, मग प्रत्येकाने विकत कशाला घ्यायची? दुकानात लावून दाखवायचीही सोय नव्हती. दुकानातल्या आगरी बायका बटण दाबायला गेलेला हात धरायच्या. आम्ही ऑफिसातली घाटावरची, मुंबईची माणसं चुकलो असतो तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण बरोबरीशेठ त्या आईच्या हातचं खाऊन मोठे झाले होते, तिचा नेम त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. परतताना वाटेत त्यांनी स्कूटर थांबवली आणि खाडीकडे बघत म्हणाले, ‘मना वाटला म्याडम, मशीनला कसला आलाय नेम. पन आवाज आयेचा हाय ना. मग नेम पन तिचाच लागनार.’

दिवाळीनंतर सुरंगी बंद झाली. मालकांनी गाळा दुसऱ्याला दिला. बरोबरीशेठ द्रोणागिरीच्या एका गोदामात लागले, मी दुसरीकडे हिशेबाच्या कामाला. पुढे सगळी गाणी मोबाइलमध्येच आली आणि खिशात दुसरं काही ठेवायची गरज उरली नाही.

काही वर्षांनी त्यांची आई गेली. मी भेटायला गेले तेव्हा कपाटाच्या वरच्या फळीवर सुरंगीचा एक डबा दिसला. मी म्हटलं, ‘बरं झालं, आईंचा आवाज तरी राहिला तुमच्याकडे. ऐकता का कधी?’ त्यांनी मान हलवली. ‘घरात लगीन खुटं हाय?’ एवढंच म्हणाले. मला त्या नेमाचा तेव्हा फार राग आला. माणसाला आईचा आवाज ऐकावासा वाटतो, डबा हाताला येतो आणि बटण दाबता येत नाही, ही कसली रीत, असं मी बोलूनही दाखवलं. ते नुसते दमून हसले. त्यांची पोरगी तेव्हा शाळेत होती, तिच्या लग्नाला अजून अवकाश होता.

मग एकदा भर दुपारी त्यांचा फोन आला. खूप दिवसांनी. आवाज इतका पडलेला, की मी हातातलं काम सोडून उभी राहिले.

‘म्याडम, तो गेला.’

‘कोण गेला?’

‘तो.’

मला एकदम कोणी आठवेना. मग लक्षात आलं. त्या परदेशी कंपनीने ते पांढरं यंत्र बनवायचंच बंद केलं, अशी बातमी होती. मी हसत म्हटलं, ‘मग पेढे वाटा की! जिंकलो आपण.’ ते म्हणाले, ‘नाय वो. चांगला होता तो. आता मी कोनाच्या बरोबरीचा?’ मी उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं, त्या यंत्राचं नव्हे, ह्या माणसाचं. जन्मभर ज्याच्याकडे बघून हा चालत राहिला तो त्याला ओळखतही नव्हता, आणि आता तोही नव्हता.

गेल्या वर्षी बरोबरीशेठ गेले. छातीत दुखलं, गोदामातून परस्पर हॉस्पिटलात नेलं, तिथून ते आले नाहीत. मुलीचं लग्न ठरलेलं होतं. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून घरच्यांनी ते परवा केलं आणि मला हळदीला आग्रहाने बोलावलं.

मांडव घरापुढच्या अंगणात होता. वरून विमान गेलं की डीजेवाला आवाज आणखी वाढवायचा. हळद लावायची वेळ झाली तेव्हा पूजाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, हात वर करून डीजे बंद करायला लावला. गावात आता धवलारीण उरलेली नाही. पूजा आत गेली आणि तो डबा घेऊन आली. आत सुरंगी होती, बरोबरीशेठांच्या त्याच धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली. नवे पेन्सिल सेल घातले, पीन मोठ्या स्पीकरला जोडली. पूजा मला म्हणाली, ‘म्याडम, पप्पा म्हणायचे तुझ्या हळदीला ऐकू आपण. मी पण नाय ऐकलाय अजून.’ आणि पाटावर येऊन बसत तिने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर आली. मग म्हातारीचा करवादलेला आवाज मांडवभर घुमला, ‘चालू झाला का रं तुझा डबा?’ बायका हसल्या. आणि पाठोपाठ त्या स्पीकरमधून, अगदी जवळून, तरुण, खुशीत असलेले बरोबरीशेठ बोलले, ‘हां आये, झाला. बोल तू.’

पूजा पाटावर बसली होती ती तशीच दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागली. तिला कोणी गप्प केलं नाही. धवला सुरू झाला, म्हाताऱ्या बायकांनी मागून सूर धरला. मी डोळे मिटले. त्यांनी आधी तेच करायला सांगितलं असतं.