जुगाडाची पाठ

बाबांचा फवारणीचा पंप गळायचा आणि विषारी औषध त्यांच्या पाठीवर उतरायचं. म्हणून मी तो अकोल्याला, जठारपेठेतल्या एका मिस्त्रीकडे नेला. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. त्यांनी जुन्या चपलेचं रबर कापून वायसर बसवला, पंपात साधं पाणी भरलं, सदरा काढला आणि पंप स्वतःच्या पाठीवर घेऊन ते दुकानापुढे फेऱ्या मारू लागले.

"हे काहून, चाचा?"

"कंपनीचा वायसर असता तं तसाच देला असता. हे जुगाड हाय बेटा, आधी माह्या पाठीवर." मग ते वळले. "लाव हात."

पाठ कोरडी होती.

एसटीत पंप बराच आदळला. घरी पोचल्यावर मी त्यात पाणी भरलं आणि सदरा काढला. बाबा ओरडले, "काय करून राहिला बे?"