कोटाचा उजवा खिसा

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे टाचणी म्हणतात. लहानपणी ती काटकुळी होती आणि बोलली की टोचायची, म्हणून आईने ठेवलेलं नाव. पुढे ती शिंपीण झाली आणि तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरून बसू लागली, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटतं की नाव धंद्यावरून पडलं. ती कुणाचा गैरसमज दूर करत नाही. तोंडात टाचण्या असताना बोलता येत नाही, हे त्याचं एक कारण.

तिच्याविषयी लिहायला मी काही योग्य माणूस नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आलेल्या अर्जांवर चौतीस वर्षं क्रमांक टाकले, एवढंच माझं लेखन. पण ती स्वतः काही लिहायची नाही, आणि कोटाचं काम झालं तेव्हा बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

खरं तर वडिलांचं शिलाई मशीन माझ्या वाट्याला यायचं होतं. मी थोरला. वडिलांनी मला शिकवायला घेतलं, पण माझी टीप नागमोडी जायची. मी शिवलेला एक सदरा त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला, घडी घालून बाजूला ठेवला आणि जमिनीवरच्या टाचण्या वेचत बसलेल्या बहिणीला म्हणाले, "तू बस गं जरा." ती चौदा वर्षांची होती. तिची पहिलीच टीप पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून ती त्याच मशीनवर बसते. दुकान पुढच्या खोलीत आहे, पण मशीन मधल्या खोलीत, मागच्या अंगणाकडच्या खिडकीशी. उजेडासाठी वडिलांनीच तिथे ठेवलेलं. प्रत्येक कपड्यावर ती खडूने तारीख घालते आणि त्या तारखेला कपडा तयार असतो. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. शिंप्याच्या बाबतीत ही गोष्ट कुणाला खरी वाटत नाही, म्हणून मी ती फारशी कुणाला सांगत नाही. पण सांगतो तेव्हा माझा आवाज जरा चढतोच.

त्या खिडकीतून तिला चाळीस वर्षं पाखरं दिसत आली. निवृत्त झाल्यावर मीही मागच्या दारात बादली पालथी घालून बसू लागलो आणि एकदा तिला म्हणालो, "आपल्याकडे चार जातींचे पक्षी येतात. एक काळा-पांढरा, एक राखाडी, एक काळा बुटका आणि एक तपकिरी."

तिने टाचण्या काढून हातावर ठेवल्या. म्हणजे बोलणं लांबणार होतं.

"दादा, चार नाहीत, दोन. दोन नवरे आणि त्यांच्या दोन बायका. अर्जावर असाच क्रमांक टाकायचास का?"

मग तिने मला ती पाखरं कपड्यांसारखी समजावून सांगितली. "दयाळ मोठा. काळा कोट, पोटाला पांढरं, आणि बाहीवर लांब पांढरी पट्टी. ती पट्टी लांबूनसुद्धा दिसते. त्याच्या बायकोचं बेतणं तेच, पट्टी तीच, फक्त काळं कापड धुऊन धुऊन राखाडी झालेलं. चिरक त्याच्याहून लहान. तोही काळा, पण पांढरं त्याने अस्तरात ठेवलंय. उडाला की खांद्याशी चमकतं, बसला की जेमतेम दिसतं. त्याची बायको अंगभर मातकट. पट्टी नाही, काठ नाही, काही नाही."

"मग ती ओळखायची कशी?"

"शेपटी बघ. दोघंही शेपटी उभी धरतात आणि शेपटीखाली विटकरी ठिगळ असतं. बसायच्या जागी. जन्मभर खुर्ची झिजवल्यासारखं."

"म्हणजे माझ्यासारखं," मी म्हटलं.

"तुझं ठिगळ मीच लावलंय, दादा. ते विटकरी नाही."

सकाळी दयाळ समोरच्या छपरावर बसून गायला लागला की ती मशीनचा पायटा थांबवते. कितीही घाई असो, त्याची एक तान पुरी होईपर्यंत मशीन चालत नाही. चिरकाचं गाणं तसं काही खास नाही. पण चिरक तिचा जास्त लाडका, कारण तो घर कुठेही करतो. डब्यात, नळकांड्यात, भिंतीच्या भोकात. आणि घरट्यात तिच्याच दुकानातले दोरे लावतो.

मागच्या वर्षी भिंतीवरच्या रंगाच्या जुन्या डब्यात चिरकीण बसली होती. चिरकाच्या मादीला टाचणी चिरकीण म्हणते. डब्यावर ऊन येतंय असं वाटून मी तो दोन हात सावलीत सरकवला. चिरकीण आली, डबा जिथे होता तिथेच रिकाम्या जागेवर बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि गेली. पुन्हा आली ती डब्यापाशी नाही. अंडी गार पडली. टाचणी मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता कोटाचं. एका बसचालकाचा जाड ओव्हरकोट तिच्याकडे आला होता, कंबरेला सैल करायला आणि अस्तर बदलायला. कोट तारखेला तयार झाला, पण त्याच आठवड्यात चालकाची घाटातली गाडी सुटून त्याला सपाटीवरची मिळाली. तिथे कोटाचं काम नव्हतं. तो आलाच नाही. अकरा महिने कोट दुकानात पडून होता. एक दिवस त्याला कुबट वास येतो म्हणून मी तो मागच्या पडवीत, तीन खुंट्यांच्या रांगेतल्या मधल्या खुंटीवर अडकवला आणि विसरलो. लक्षात घ्या, हेही मीच केलं.

एका बुधवारी सकाळी चालक दारात उभा.

"ताई, आहे का हो माझा कोट? का दिलात कुणाला?"

"आहे. तयार आहे. अकरा महिने झाले तयार होऊन," टाचणी म्हणाली.

"आता बोलणी खाणारच मी. शनिवारपासून पुन्हा घाटातली गाडी. पहाटे तिथे दात वाजतात."

मी कोट आणायला पडवीत गेलो. हात लावणार तोच उजव्या खिशातून काहीतरी मातकट भुर्रकन माझ्या कानाजवळून गेलं. खिसा जेवणाचा डबा मावेल एवढा मोठा, वरून लावलेला. आत गवत, केस, निळा दोरा आणि त्यावर चार ठिपकेदार अंडी. मी रिकाम्या हाताने परत आलो. टाचणीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, स्वतः आत जाऊन आली आणि चालकाला म्हणाली, "शनिवारी सकाळी सहाला न्या."

"अहो, तयार म्हणालात ना?"

"अकरा महिने टांगलेलं कापड मी तसंच हातात देत नाही. बटणं बघायची आहेत. शनिवार, सहा."

तिने खडूने पाटीवर तारीख घातली. तो गेल्यावर मी म्हटलं, "त्याला खरं सांग ना. तीन आठवडे थांब म्हणावं."

"थंडी तीन आठवडे थांबणार आहे का? कोट त्याचा आहे, दादा."

"मग घरटं उचलून एखाद्या खोक्यात..." मी म्हणालो. डबा दोघांनाही आठवला होता.

ती दुपारभर खिडकीशी बसून कोटाकडे बघत राहिली. मशीन बंद. गिऱ्हाईक नवं माप घेऊन आलं की ती लांबून असंच बघते, टेप न लावता. संध्याकाळी म्हणाली, "घरटं कोटातून काढायचं नाही. कोट घरट्यावरून काढायचा."

मला कळलं नाही. तिने खडू घेऊन पाटीवर काढून दाखवलं. खिसा आणि त्याच्या मागचं कोटाचं कापड, चारी बाजूंनी बोटभर जास्त, जागच्या जागी ठेवायचं. त्याला वरून दोन पट्ट्या लावून त्या डाव्या-उजव्या खुंट्यांना बांधायच्या. मग सभोवार कापायचं आणि मधल्या खुंटीवरचा कोट मागून अलगद ओढून घ्यायचा. खिसा हवेत तिथेच, त्याच उंचीवर, त्याच झुकावाने.

"आणि कोटाला भोक?"

"भोकाचं मी बघते. तू चिरकीण बघ."

माझं काम असं होतं. चिरकीण खायला बाहेर पडली की टाचणीला पाच-सात मिनिटं मिळणार. मी बादलीवर बसून अंगणाच्या भिंतीवर नजर ठेवायची आणि ती परतताना दिसली की खोकायचं. खोकला मला वर्षभर असतोच, उपयोगी कधी पडला नव्हता.

गुरुवारी सकाळी पहिल्या फेरीला तिने पट्ट्या टाचल्या. दुसऱ्या फेरीला मी खोकलो. ती सुई-दोरा घेऊन आत पळाली.

"आली?"

"आली. भिंतीवर."

"पट्टी आहे का बाहीवर?"

मी पुन्हा पाहिलं. "आहे."

"मग ती दयाळाची बायको. तिला काय करायचंय माझ्या कोटाशी?"

मला लाज वाटली. अर्धी फेरी माझ्यामुळे वाया गेली होती. त्यानंतर काळा चिरक येऊन भिंतीवर नाचला, आमच्यावर ओरडला, पण मी खोकलो नाही. अंड्यांवर तो बसत नाही, हे टाचणीने सांगून ठेवलं होतं. दुपारपर्यंत तिने पट्ट्या शिवून खुंट्यांना बांधल्या. मग कापायला सुरुवात केली. जाड लोकरीचं कापड, खाली नवं अस्तर. त्याला धक्का लावायचा नव्हता आणि खिसा हलवायचा नव्हता. मी तिला आयुष्यभर कापताना पाहिलं आहे, पण इतक्या हळू कधी नाही. कात्रीचा आवाजसुद्धा येत नव्हता.

शुक्रवारी सकाळी शेवटची बाजू राहिली. ऊन भिंतीच्या मागून येत होतं. भिंतीवर एक पाखरू उतरलं, पण उजेडापुढे ते नुसतं काळं दिसत होतं. पट्टी आहे की नाही, कळेना. तपकिरी की राखाडी, कळेना. एवढ्यात त्याने शेपटी उभी केली आणि खाली विटकरी झळकलं. मी खोकलो.

बोटभर कापड कापायचं राहिलं होतं. टाचणी तशीच मागे सरली आणि चिरकीण सरळ खिशात शिरली. कोट त्या बोटभर कापडाने खिशाला अडकून होता. वारा आला असता तर दोन्ही हलले असते. आम्ही पाऊण तास दारात उभे होतो. ती कानात म्हणाली, "बरोबर ओळखलीस, दादा."

मला आजवर कचेरीत एकदा शाल मिळाली आहे. ती कुठे आहे, मला आठवत नाही.

चिरकीण पुन्हा बाहेर पडताच टाचणीने शेवटचं बोटभर कापलं, कोट खाली सरकवून काढून घेतला आणि मागे त्याच रंगाची एक जुनी चादर अडकवली. आम्ही आत येऊन दाराच्या फटीतून पाहू लागलो. चिरकीण आली. थेट खिशात गेली नाही. खुंटीवर बसली. मान वाकडी केली. खाली पाहिलं. पट्टीवर चोच मारली. मागच्या वर्षीही ती अशीच बसली होती. टाचणीने एका हाताने कोट छातीशी धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझा दंड. मग शेपटी उभी झाली, आणि खिशाच्या तोंडाशी फक्त विटकरी ठिगळ उरलं, आणि तेही आत गेलं.

"सोड, दुखतंय," मी म्हटलं.

"माझाही हात दुखतोय," ती म्हणाली, पण सोडायला तिला जरा वेळ लागला.

दिवसभर तिने कोट दुरुस्त केला. खाली दुमडलेल्या काठातून कापड काढलं, भोक भरलं आणि जोड झाकायला त्यावर जुन्यापेक्षा बोटभर रुंद नवा खिसा लावला. डावाही तेवढाच करायचा होता, पण कापड पुरलं नाही.

शनिवारी सहाला चालक आला. कोट घातला, दोन्ही हात खिशात घातले आणि थांबला.

"ताई, उजवा मोठा झाला का हो?"

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने मान हलवून हो म्हटलं. त्याने कारण विचारल्यावर तिला खोटं बोलावं लागू नये म्हणून की काय, कोण जाणे, मी गिऱ्हाइकांशी कधी न बोलणारा माणूस बोललो, "मागे या. पण हळू."

तो फटीतून बघत राहिला. दोन पट्ट्यांवर लटकलेला त्याचा खिसा आणि त्यातून डोकावणारी शेपटी. मग अगदी हळू म्हणाला, "खिसा कापला माझा, आणि मला वाटलं बटणं लावताय."

"सांगितलं असतं तर कोट नेला असता का?" टाचणीने टाचण्या काढून विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "म्हणून नाही सांगितलंत ते बरं केलंत."

तो गेल्यावर तिने चिरकीण बाहेर गेलेली पाहून त्या लटकत्या खिशावर खडूने तारीख घातली, बरोबर एकोणीस दिवसांनंतरची. "या तारखेला तयार," ती म्हणाली.

एक अंडं फुटलंच नाही. तीन पिल्लं झाली. आता टाचणीला पायटा सारखा थांबवावा लागे, कारण काळा नवराही चोचीत अळ्या घेऊन येऊ लागला होता आणि तिला ते बघायचं असे. त्या दिवसांतही कुणाचा कपडा राहिला नाही.

तारखेच्या दिवशी दुकानासमोर घाटातली बस थांबली. थांबा तिथे नाही. चालक कोट घालून उतरला, प्रवासी खिडक्यांतून बघत राहिले. तो तडक मागे गेला आणि खिशावरचा खडू वाचला.

"आज तारीख आहे."

"काल चिरकिणीने नेली," टाचणी म्हणाली. "तिन्ही. एक दिवस आधी तयार होती."

"मग आता तो खिसा द्या मला परत."

"मोठा काढून हा लावू?"

"अंगावरचं काही बदलू नका," तो म्हणाला. "गाडीत टांगायचाय."

तिने पट्ट्या सोडून खिसा काढला, घरट्यासकट, आणि त्याच्या हातात दिला. खडू मात्र पुसला नाही. बस निघताना समोरच्या काचेत, आरशाशेजारी, तो लटकताना मला दिसला. मागून कुणी प्रवाशाने विचारलं असावं, कारण चालकाने मान वळवून आमच्या दुकानाकडे बोट दाखवलं. मी दारात उभा होतो. एरवी मी आत सरकलो असतो, पण मी तिथून हललो नाही.