शांतता किंवा गोंधळ

नवऱ्याने न दिलेला नकार मी पुण्याला जाऊन माझ्या बाईंना सांगून आले आणि त्या नकाराच्या जोरावर हातातलं शिक्षण सोडायला निघाले. एवढा मूर्खपणा माझ्या हातून एकदा झाला. एकदाच झाला असं मी म्हणते. आमच्या घरी विचाराल तर आकडा वेगळा सांगतील.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठजवळच्या आमच्या गावातून मी मंचरला शाळेत शिकवायला जायची. चाळिशी ओलांडलेली होती आणि मी फार शहाणी होते. पुढे वयाबरोबर तो आजार बरा झाला. पण तेव्हा ऐन भरात होता, म्हणून एम.एड. करायचं डोक्यात शिरलं. विषय घेतला अभ्यासक्रम आणि अध्यापन. म्हणजे मुलांना काय शिकवायचं, कोणत्या क्रमाने शिकवायचं आणि शिकवताना वर्गात खरोखर काय घडतं, याचा अभ्यास. इतकी वर्षं वर्गात उभी राहून त्यातलं मला काही ठाऊक नव्हतं, हे कळायला पुण्याला जावं लागलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पुण्याची एसटी धरायची. दुपारभर वर्ग, आणि अंधार पडता पडता परत. फाट्यावर उतरले की लुना घेऊन हे उभे. 'आलीस?' नाही, 'दमलीस?' नाही. लुनाला किक मारायची आणि घरी. दोन्ही वर्षं असंच चाललं होतं, आणि मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पहिल्याच वर्षी आमच्या मार्गदर्शक बाईंनी वर्गनिरीक्षणाची एक पद्धत शिकवली. बाई माझ्याहून वयाने लहान, पण मी त्यांना घाबरायची. पद्धत अशी, की मागच्या बाकावर बसायचं आणि दर तीन सेकंदांनी, वर्गात जे चाललंय त्याचा नंबर कागदावर टाकायचा. शिक्षकाने मुलाच्या मनातलं ओळखलं, एक. शाबासकी दिली, दोन. मुलाचं म्हणणं उचलून धरलं, तीन. प्रश्न विचारला, चार. नुसतं व्याख्यान झोडलं, पाच. हुकूम सोडला, सहा. रागावले, सात. मुलाने विचारल्यावर उत्तर दिलं, आठ. न विचारता आपणहून बोललं, नऊ. आणि कुणीच बोलत नसेल, किंवा सगळे एकदम बोलत असतील, तर दहा. दहा म्हणजे शांतता किंवा गोंधळ.

मी हात वर केला. "बाई, शांतता आणि गोंधळ एकाच नंबरात कसे काय?"

"कारण मागच्या बाकावरून दोन्हींतलं काहीच कळत नाही," बाई म्हणाल्या.

वर्ग हसला. मी ते वाक्य उतरवून घेतलं, खाली रेघ ओढली आणि विसरून गेले. माझं बरंचसं उच्च शिक्षण असंच झालं.

नंबर पटापट सुचावेत म्हणून मी सगळा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून ओट्याशेजारच्या भिंतीवर चिकटवला आणि दिसेल त्याला नंबर देत सुटले. एसटीचा कंडक्टर सहा, सहा, आणि पुढे कुणी सरकलं नाही तर सात. मंचरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारा "बोला, काय देता?" असा चारवर सुरू व्हायचा आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच पाचवर जायचा, अगदी माझ्यासारखा. माझी आई राहायला आली की तिला दिवसभर सात, आणि निघताना पदराआडून लाडवाचा डबा काढला की दोन.

लेक तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणायची, "आई, तू भाजी वाढतानासुद्धा काहीतरी पुटपुटतेस. शेजारचे विचारतात, तुझी आई जप करती का?"

"आगाऊपणा करू नकोस. ही तुझी नऊ झाली," मी म्हणायची.

"आणि ही तुझी सात!"

राहिला नवरा. ह्यांच्यापुढे मात्र पद्धतीचं काही चालेना. शेत, म्हशी आणि विहिरीवरची मोटर एवढाच ह्यांचा संसार. आम्ही दोघी वरकड. जेवताना भाकरी मोडल्याचा आवाज यायचा तेवढाच. दहा, दहा, दहा. मोटर बंद पडली की तिच्याशी मात्र घटकाभर बोलायचे. मोटरीला सात मिळायचा, मला दहाच. आता मी हे लिहितेय आणि पलीकडच्या खोलीत हे वाटाणे सोलत बसलेत. तिथूनही दहाच ऐकू येतोय.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध आला. मी ठरवलं होतं, की डोंगरातल्या शाळेत बसून निरीक्षण करायचं. पुस्तकातला धडा आणि तिथल्या मुलांचं बोलणं यांची गाठ कुठे पडते ते बघायचं. त्यासाठी वर आहुपे गावात आठवडाभर राहणं आलं. संध्याकाळी एकच मुक्कामी गाडी वर जायची आणि सकाळी खाली यायची. फोन नाही, ओळखीचं कुणी नाही. निरीक्षण झालं नाही तर लघुप्रबंध नाही, आणि लघुप्रबंध नाही तर दोन वर्षांची ये-जा पाण्यात.

मी जेवताना सांगितलं, "अहो, मला आठवडाभर आहुप्याला राहावं लागेल."

ह्यांनी वाटीतली आमटी संपवली, हात धुतला आणि गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी दहा. एरवी चहा हवा असला की "च्या" एवढं तरी म्हणायचे, तेही बंद. ताटावर बसून भिंतीकडे बघत राहायचे. मी मनात निकाल लावून टाकला. ह्यांना पसंत नाही, तोंडाने बोलायचं धाडस नाही, म्हणून हा बहिष्कार.

खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही. त्यात मला एक गोडी वाटायला लागली. घरच्यांनी अडवलेली हुशार बाई! शनिवारी एसटीच्या खिडकीशी बसून मी तो चेहरा करून बघितला आणि खेडच्या घाटात डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. शेजारच्या बाईने विचारलं, "गाडी लागती का हो? लिंबू देऊ?"

पुण्याला पोचल्यावर मी बाईंसमोर उभी राहिले. "बाई, माझं नाव कमी करा. घरून परवानगी नाही."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे... दहा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," म्हणाल्या. "सोमवारी बघते."

रात्री फाट्यावर उतरले. लुना होती, पण लुनेवर लेक.

"तुझे अण्णा कुठायत?"

"दुपारीच गेले. पिशवीत कांदे-बटाटे भरले, घोंगडी घेतली आणि मंचरकडं गेले. सकाळी येतो म्हणाले."

घोंगडी! माणूस घोंगडी घेऊन घर सोडून गेला! एवढी मोठी ट्रॅजेडी तर मी खिडकीशी बसूनही रचली नव्हती. घाटातलं पाणी खोटं होतं. ते त्या रात्री खरं आलं. लेकीने विचारलं, "आता कुठला नंबर?"

रविवारी ऊन वर आल्यावर हे अंगणात आले. पायांना लाल माती, पिशवीत कांद्यांच्या जागी नाचणी. मी दारात उभी. हे पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि बोलायला लागले. लग्नानंतर इतकं बोलणं मी एकदम ऐकलं नव्हतं.

"आहुप्याला जाऊन आलो. शाळंच्या मागंच एक घर हाये. म्हातारा-म्हातारी दोघंच. तितं ऱ्हा. खोली सारवलेली हाये, दाराला कडी हाये. कडी म्या वढून बघितली. पान्याला लांब जावं लागतंय, पन म्हातारी म्हनली, बाईला न्हाई जाऊ द्यायची. थंडी लई हाये वर. घोंगडी तितंच ठिवली तुझ्यासाठी. म्हातारीनं इचारलं, बाई काय खाती? म्हनलं, खाती कमी, बोलती जास्त. तर म्हनली, मंग बरं हाये, आमाला बी कोन हाये बोलायला?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. "मग इतके दिवस गप्प का होता?"

"काय बोलू? नको म्हनलं तर तू हितंच ऱ्हाशील. आन जा म्हनलं तर मला झोप लागायची न्हाई. कडी हाये का न्हाई ते बघितल्याबिगर कसं जा म्हनू?"

मागच्या बाकावरून मला शांतता दिसली होती. पुढे बसलेल्या माणसाच्या पोटात नुसता गोंधळ चाललेला होता.

मग मला पुण्यातला पराक्रम सांगावा लागला. सोमवारी शाळेतून बाईंना फोन लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी नाव कमी केलंच नाही. दहा म्हणजे नकार असं आपल्याकडे कुठेच लिहिलेलं नाही." पण ते सोमवारचं झालं. रविवारी मी चहाचा कप ह्यांच्या हातात दिला आणि मान खाली घालून म्हटलं, "मी काल बाईंना सांगून आले, की तुम्ही नाही म्हणालात. नाव कमी करा म्हणून."

"म्या कवा न्हाई म्हनलं?"

"तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. मी आपला दहा धरला."

हे कप घेऊन उठले, ओट्याशी गेले. तक्त्यासमोर उभे राहून वरून खालपर्यंत वाचलं. मला वाटत होतं, हे ताटावर बसून भिंतीकडे बघतात. हे रोज तक्ता वाचत होते. एका नंबरावर बोट ठेवलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले:

"दहा आला की चार मारायचा, मास्तरीनबाई. तुमीच लिवलंय की हितं, प्रश्न विचारणे."